निगेटिव्हवरील ताऱ्याचा व्यास

छायाचित्राच्या निगेटिव्हवर तेजस्वी तारे मोठ्या व मंद तारे लहान काळ्या ठिपक्यांच्या रूपाने उमटतात. तथापि हा ठिपका म्हणजे ताऱ्याचे खरे बिंब नव्हे.

१८८७ साली पॅरिस येथे योजिलेल्या आंतरराष्ट्रीय ताराकोशासाठी हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा मोजला. त्या योजनेच्या काचांवर १ कला म्हणजे सुमारे १ मिलिमीटर. काक्षीचा कोनीय व्यास मायकेलसन व पीस यांनी १९२० साली ०·०४७ विकला ठरविला. या प्रमाणाने त्याचे बिंब जेमतेम ०·०००८ मिलिमीटर भरेल. तेजस्वी ताऱ्याचा ठिपका मात्र त्याच्या शेकडो पट मोठा असतो. वातावरणाची चंचलता व पायसात विखुरणारा प्रकाश ही त्याची कारणे होत. प्रकाश जितका अधिक, तितकी काळी कडा दूरवर पोहोचते. म्हणून व्यासावरून ताऱ्याची प्रत काढता येते. ग्रिनिच येथे याकरिता प्र = अ − ब√व्या हे सूत्र योजीत. अ आणि ब हे स्थिरांक त्याच काचेवरील ज्ञात प्रतीच्या ताऱ्यांवरून ठरवावे लागतात.

ही अट किती आवश्यक आहे, हे मांडव्याच्या किनाऱ्यावर सहज ध्यानी येते. तेथून उत्तरेस मुंबईच्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरलेला असतो. दक्षिणेचे आकाश त्या मानाने काळे. उजळलेल्या पार्श्वभूमीत ठिपक्याची फिकट कडा लोपते व व्यास कमी भरतो. सबब एका निगेटिव्हचे स्थिरांक दुसरीस लावू नयेत. प्रमाण तारेही मापावयाच्या ताऱ्यांलगतचेच घ्यावेत.