चेहऱ्यावर फिरणारा ब्रश

ज्या ताटांत आपण जेवतों तें प्रत्येक जेवणानंतर घांसलें जातें. ज्या पंच्यानें अंग पुसतों तो रोज धुतला जातो. परंतु ज्या ब्रशानें चेहऱ्यावर लेप आणि पावडर लावावयाची, तो मात्र महिनेच्या महिने पाण्याचें दर्शन न घेतां आरशापुढें उभा असतो. श्रोतेहो, या विसंगतीचा थोडा विचार आज करूं.

ब्रशापासून रोग होतो ही कल्पना कांहीं नवी नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटन व अमेरिका या देशांत दाढीच्या ब्रशांमुळें कित्येकांना अँथ्रॅक्स, म्हणजे काळपुळी, झाली. नीट निर्जंतुक न केलेले घोड्याचे केस त्या ब्रशांत वापरलेले होते. अखेर १९२० सालीं ब्रिटननें जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. आजच्या प्रसाधनाच्या ब्रशांपासून तसें भय नाहीं. पण त्वचेवर घांसला जाणारा ब्रश जंतूंना थेट दारापर्यंत पोंचवतो, एवढा धडा त्यावरून घेण्यासारखा आहे.

ब्रश चेहऱ्यावर फिरतो तेव्हां तो प्रसाधन नुसतें देत नाहीं, तेथून कांहीं घेतहि असतो. तेल, घाम, मृत पेशी आणि त्यांबरोबरचे जंतू त्याच्या केसांत अडकतात. त्यांतले बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियस नांवाचा जंतु, जो पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकांतहि असतो, त्याला फुटलेल्या पुटकुळींतून वा ओरखड्यांतून आंत शिरावयास वाट मिळाली, कीं तेथें गळूं उठतें. वाळलेल्या लेपानें ताठर झालेला ब्रश तर नाजूक त्वचा ओरबाडून ही वाट स्वतःच करून देतो.

इंग्लंडांतील अॅस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनीं वापरांतील ४६७ प्रसाधनवस्तु तपासून २०१९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंपैकीं ७९ ते ९० टक्क्यांवर जंतू आढळले. सर्वांत मळके निघाले ते लेप पसरण्याचे स्पंज. त्यांतील ९३ टक्के स्पंज कधींच धुतलेले नव्हते! स्पंज ओला राहतो, आणि ओलावा हेंच जंतूंचें अन्नपाणी.

मुरुमांनीं त्रासलेल्या मुलींनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. डाग झांकण्यासाठीं लेप लावावा, मळक्या ब्रशानें त्वचा चिघळावी, आणि तें झांकण्यासाठीं पुन्हां अधिक लेप लावावा, असें हें चक्र आहे. मुरुमांचें मूळ त्वचेच्या तैलग्रंथींत व शरीरांतील अंतःस्रावांत असतें हें खरें; पण मळका ब्रश आगींत तेल ओततो. औषधाला पैसे मोजावयाचे आणि ब्रशाकडे पाहावयाचेंहि नाहीं, यांत शहाणपण नाहीं.

उपाय अगदीं सोपा आहे. अमेरिकेंतील त्वचारोगतज्ज्ञांची संस्था दर सात ते दहा दिवसांनीं ब्रश धुण्यास सांगते. ब्रशाचें टोंक खालीं करून केवळ केस कोमट पाण्याखालीं धरावे. मग पेलाभर कोमट पाण्यांत मोठा चमचाभर सौम्य शांपू मिसळून त्यांत केस हलकेच फिरवावे, आणि स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळावे. धातूच्या कड्यांत पाणी शिरूं देऊं नये. तेथला गोंद सुटतो आणि केस गळतात. त्याच कारणास्तव ब्रश पेल्यांत उभा करून वाळवूं नये. फडक्यानें टिपून, टेबलाच्या कडेवर केस बाहेर राहतील असा आडवा ठेवावा. पावसाळ्यांत पंख्याखालीं रात्रभर वाळवावा. दमट ब्रश डबींत कोंडला तर धुण्याचे श्रम वायां गेले. स्पंजहि असाच धुवावा, पिळावा, आणि विरूं लागला कीं खुशाल टाकून द्यावा.

आणखी एक गोष्ट. लग्नघरीं एकच ब्रश नवरीपासून करवलीपर्यंत साऱ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरतो. एकीचे डोळे आलेले असले तर तो प्रसाद सर्वांना मिळावयास वेळ लागत नाहीं. डोळ्यांचीं व ओठांचीं प्रसाधनें ज्याचीं त्यानेंच वापरावीं. मागणारीला नाहीं म्हणण्यांत कोणताहि अनादर नाहीं.

प्रसाधनाला कितीहि पैसा खर्चिला, तरी त्याची शोभा अखेर खालच्या निरोगी त्वचेवरच अवलंबून असते. आठवड्यांतून ज्या दिवशीं आपण केस धुतों, त्याच दिवशीं ब्रशाचेहि केस धुवावे. म्हणजे निराळी आठवण ठेवावयास नको.