दोन वर्षांचे मूल आणि मऊ गाद्यांचे क्रीडागृह

१९४९ साली निर्वासितांच्या छावणीचे शहर झालेले उल्हासनगर काय, किंवा लोकलच्या सोयीने इमारतींनी भरत गेलेली अंबरनाथ-बदलापूर काय, जून ते सप्टेंबर या चिखलाच्या महिन्यांत नुकत्याच धावू लागलेल्या मुलाला मोकळी जागा कोठून द्यावी, ही विवंचना येथील गृहस्थास पडतेच. आणि एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी निदान १८० मिनिटे हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस असल्याने, मऊ गाद्यांच्या बंदिस्त क्रीडागृहांना सरसकट नाके मुरडणे मला प्रशस्त वाटत नाही.

मात्र आठ-दहा वर्षांची मुले व दुडदुडणारे बालक एकाच कुंपणात सोडलेले असेल, तर गादी कितीही मऊ असो, अंगावर कोसळणारा मुलगा मऊ नसतो. चेंडूंच्या हौदात लाळेची मुक्त देवघेव चालते. हात-पाय-तोंडाच्या रोगाचे विषाणू मद्यार्कयुक्त द्रवाला फारशी दाद देत नाहीत, सबब साबण-पाणीच अगत्याचे.

सर्वांत दुर्लक्षित बाब दरवाजाची. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनला लागलेल्या आगीत पंचवीसहून अधिक माणसे, त्यांत लहान मुलेही, दगावली. त्या आस्थापनेजवळ अग्निशमन खात्याचा ना-हरकत दाखलाच नव्हता. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी हा दाखला पाहावयास मागावा, दुसरा दरवाजा कुलूपबंद तर नाही ना, याची जातीने खातरजमा करावी, आणि व्यवस्थापकाने कपाळाला आठ्या घातल्या तर खुशाल घालू द्याव्यात.