बरणीतील मेणबत्त्यांचा घरगुती उद्योग: आधी एक किलोची चाचणी, मग कर्जाचा अर्ज

रायपूर शहर व जिल्ह्यातील अनेक महिला राखी ते दिवाळी या हंगामासाठी घरी मेणबत्त्या करण्याचा विचार करतात. कर्ज आणि अनुदानाच्या योजना आहेत, पण मेणबत्तीत खड्डा पडला किंवा बरणी तडकली तरी हप्ता भरावाच लागतो. म्हणून अर्जाआधी एक किलो मेणावर हात बसवा. ‘महतारी वंदन’ योजनेचे दरमहा १,००० रुपये मिळत असतील, तर त्यातील काही भाग या चाचणीसाठी वापरता येईल.

मेण कसे वितळवावे व ओतावे?

१. बरणी जाड काचेची, रुंद तोंडाची आणि पूर्ण कोरडी असावी. धातूची चकती असलेली सुती वात तळाशी मधोमध चिकटवा. वरचे टोक बरणीवर आडव्या ठेवलेल्या काडीला बांधा.

२. मेण थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा आणि त्यात मेणाचे लहान पातेले ठेवा. पाणी आटू देऊ नका. मेणात पाण्याचा थेंबही जाऊ नये.

३. ५८ ते ६० अंश सेल्सिअसला वितळणारे पॅराफिन मेण घ्या. सोया मेण साधारण ५० अंशांनाच वितळते. रायपूरच्या मे महिन्यात बंद गाडीतून नेताना ते मऊ पडू शकते.

४. मेण ८० अंशांपर्यंत तापवून गॅस बंद करा. एक किलोला ६० ग्रॅम मेणबत्तीचे सुगंधी तेल घाला आणि दोन मिनिटे हलके ढवळा. अत्तर किंवा पाण्यात मिसळलेला रंग वापरू नका.

५. साधारण ७० अंशांना, कोमट केलेल्या बरणीत संथ धारेने ओता. थोडे मेण राखून ठेवा. थंड होताना मेण आकसते व वातीजवळ खळगा पडतो. तो राखलेल्या मेणाने भरा.

६. एक दिवसानंतर वात ६ मिलिमीटर ठेवून कापा आणि मेणबत्ती तीन तास समोर बसून जाळा. फक्त मधेच खड्डा पडला, तर वात बारीक आहे. ज्योत उंच होऊन काजळी आली किंवा काच फार तापली, तर वात जाड आहे. वात बदलून पुन्हा चाचणी घ्या.

२०० मिलिलिटरच्या बरणीत सुमारे १७० ते १८० ग्रॅम मेण बसते. म्हणजे एक किलोत साधारण पाच बरण्या होतात. मेण, वात, सुगंध, बरणी, गॅस आणि स्वतःची मजुरी मिळून एका बरणीचा खर्च लिहून ठेवा. प्रकल्प अहवालात हाच आकडा लागतो.

सावधान: मेणाने पेट घेतला तर पाणी कधीही टाकू नका, पेटते मेण उसळून भडका उडतो. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवा. कोरडी वाळू जवळ असू द्या. काम सुरू असताना मुलांना दूर ठेवा. उरलेले मेण मोरीत ओतू नका.

कोणती योजना कोणासाठी?

• गावातील बचतगट: राज्य ग्रामीण उपजीविका अभियान, म्हणजे ‘बिहान’. गटाला फिरता निधी व बँक कर्ज मिळण्यास मदत होते. कागदपत्रे हिंदीत असतात. तिथे बचतगटाला ‘स्व-सहायता समूह’ म्हणतात.

• एकटीने लहान सुरुवात: मुद्रा योजनेचा ‘शिशु’ गट. ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण कर्ज.

• मोठा, नवा उद्योग: पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. महिलांना प्रकल्प खर्चाच्या शहरात २५ टक्के व ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा ५ टक्के. ही योजना २०२५-२६ पर्यंतच्या कालावधीसाठी मंजूर झाली होती, त्यामुळे आधी जिल्हा उद्योग केंद्रात सद्यस्थिती विचारा.

• प्रशिक्षण: ग्रामीण स्वरोजगार प्रशिक्षण संस्थेत मोफत. मेणबत्तीचा वर्ग कधी आहे, हे आधी विचारा.

नेहमीचे प्रश्न

अनुदान रोख मिळते का?
नाही. रोजगार निर्मिती कार्यक्रमात ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. उदाहरणार्थ, ग्रामीण भागात १ लाखाचा प्रकल्प असेल, तर तुमचे ५,००० रुपये, बँकेकडून ९५,००० रुपये आणि अनुदान ३५,००० रुपये. ते वळते झाल्यावर तुमच्यावरचा कर्जाचा बोजा ६०,००० रुपयांचा ठरतो.

पीएम विश्वकर्मा योजनेत अर्ज करता येईल का?
नाही. त्या योजनेतील १८ व्यवसायांत मेणबत्ती बनवणे नाही.

उद्यम नोंदणीला किती पैसे लागतात?
काहीही नाही. आधार क्रमांकावर ऑनलाइन नोंदणी मोफत होते. सरकारी शुल्क म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

अर्जासोबत काय न्यावे?
आधार, पॅन, बँक पासबुक, छायाचित्र, प्रकल्प अहवाल आणि लागू असल्यास जातीचा दाखला. चाचणीत नीट जळलेली एक मेणबत्ती व खर्चाची वहीही सोबत न्या. बँक अधिकाऱ्याला तुमचे काम समजावून सांगणे सोपे जाईल.