तेल शांत झालं की

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी लीड्सला ताईकडे होते. "तिथे आहातच, तर तिथलं एखादं जुनं काहीतरी द्या. किल्ले आणि म्युझियमं नकोत. खाण्याचं द्या," एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. ताई म्हणाली, "मग फिश अँड चिप्स. दुसरं आहे काय इथे?" हा इंग्लंडवर अन्याय होता, पण सल्ला बरोबर निघाला.

ताईच्या घरापासून बसने पाऊण तासावर लोकरीच्या गिरण्यांचं एक गाव आहे. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, त्यातल्या एकीत आता फ्लॅट झाले आहेत. लोअर परळ पाहिलेल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. नवल वाटलं ते गिरणीच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचं. ज्या भोंग्यावर त्याचं गिऱ्हाईक चालायचं तो बंद होऊन जमाना झाला, आणि दुकान चालूच आहे. जागा दहा बाय बाराची. समोर काउंटर, आत रेंज. रेंज म्हणजे तळणीची भट्टी: पत्र्याचं लांबलचक कपाट, दर्शनी बाजूला काचेच्या निळ्या-पांढऱ्या फरशा, वर तीन खोल कढया. उत्तर इंग्लंडात अशा रेंज बनवणं हा एके काळी स्वतंत्र उद्योग होता. मँचेस्टरच्या मॅबट कंपनीच्या १९३० च्या दशकातल्या रेंजचे फोटो पाहिले तर वाटतं, यांच्यावर तिकीटविक्रीची खिडकी तेवढी काढायची राहिली, इतक्या त्या सिनेमा थिएटरसारख्या दिसतात.

मालक सत्तरीला टेकलेले. नाव छापू नका म्हणाले, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना आचारी म्हणू लागले. काउंटर त्यांची बायको सांभाळते. आत येणाऱ्या प्रत्येकाला ती 'लव्ह' म्हणते. मलाही म्हणाली, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या सहाफुटी प्लंबरलाही. कोल्हापुरात 'भावा' म्हणतात, त्यातलाच प्रकार.

इतिहास भराभर सांगते, कारण तो भिंतीवर चौकटीत लावलेला होता आणि आचाऱ्यांना त्यात काडीचा रस नव्हता. तळलेला मासा मुळात इंग्रजांचा नव्हेच. स्पेन-पोर्तुगालमधून परागंदा झालेल्या ज्यू लोकांनी तो लंडनला आणला. शनिवारी शब्बाथ, चूल पेटवायची नाही; म्हणून शुक्रवारी तळून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गारच खायचा. बटाट्याचे तुकडे तळून विकण्याची चाल उत्तरेकडच्या गिरणगावांत पडली. या दोघांची गाठ पहिल्यांदा कुणी घातली यावर वाद आहे. लंडनवाले १८६० च्या सुमाराच्या जोसेफ मॅलिनचं नाव घेतात, लँकेशरवाले १८६३ च्या सुमाराच्या मॉस्लीच्या जॉन लीझचं. यॉर्कशरमध्ये दोघांचंही घेऊ नये. पुढे वाफेचे ट्रॉलर आले, बर्फातला मासा आगगाडीने गिरणगावांत पोचू लागला, आणि दिवसभर मागावर उभ्या राहिलेल्या बाईला घरी येऊन पुन्हा चूल पेटवायची गरज उरली नाही. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये अशी सुमारे ३५ हजार दुकानं होती. जॉर्ज ऑर्वेलने १९३७ साली 'द रोड टू विगन पिअर'मध्ये क्रांती टाळणाऱ्या स्वस्त चैनींची यादी दिली, तिच्यात पहिलं नाव फिश अँड चिप्सचं आहे. दुसऱ्या महायुद्धात मांस, लोणी, साखर सगळं रेशनवर गेलं. हे गेलं नाही. आणि तरीही वासामुळे हा धंदा १९४० पर्यंत सरकारदरबारी 'उपद्रवी' धंद्यांत मोडत होता. मुंबईत सुके बोंबील भाजल्याबद्दल सोसायटीची चिठ्ठी आलेल्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

मला बघायचं होतं ते दुकान उघडण्याच्या आधीचं. सकाळी साडेनऊला गेले. कढईत रात्रभर थिजलेली चरबी होती. थंडीत बरणीत तूप थिजतं तशी, कडेला पांढरी, मध्ये पिवळसर. आचाऱ्यांनी गॅस अगदी बारीक लावला. घाई करून मोठा केला तर तळाची चरबी करपते, वरची तशीच दगड राहते, आणि मग दिवसभर सगळ्या माशांना तो वास. थोड्या वेळाने कडेकडेने ओल फुटली. मधला पांढरा गोळा सुटला आणि हळूहळू तरंगायला लागला. ते तोवर हलले नाहीत. भाताला आधण येईपर्यंत बायका ओट्याशी उभ्या असतात तसे उभे होते, हात मागे बांधून.

ही चरबी गोमांसाची, बीफ ड्रिपिंग. हे इथेच सांगून टाकलेलं बरं. दक्षिणेकडे बहुतेक दुकानं वनस्पती तेल वापरतात, यॉर्कशर मात्र चरबी सोडायला तयार नाही. ताईचे यजमान माळकरी. 'आपल्याला मासा चालत नाही, आपण नुसते चिप्स खाऊ,' असं म्हणत त्यांनी दोन वर्षं गावोगावच्या सहलींत निर्धास्तपणे चिप्स खाल्ले. मग एके दिवशी एका दुकानाच्या दारावरची पाटी वाचली: आम्ही बीफ ड्रिपिंगमध्येच तळतो. सोनेरी अक्षरांत, अभिमानाने लिहिलेली. तेव्हापासून भाऊजी या विषयावर बोलत नाहीत. मी खाल्लं, आणि आईला फोनवर त्यातलं निम्मंच सांगितलं. ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी विचारावं. कुणी रागावत नाही.

मागच्या बाजूला बटाट्याचं यंत्र आहे, रंबलर. आतून खरखरीत असलेलं पिंप, त्यात बटाटे आणि पाणी सोडायचं. ते गडगडतात आणि सालं घासून निघतात. डोळे मात्र यंत्राला काढता येत नाहीत. आचारी पालथ्या घातलेल्या क्रेटवर बसून चाकूच्या टोकाने एकेक डोळा उडवतात, समोर न बघता, रेडिओवर क्रिकेट ऐकत. बटाटा मॅरिस पायपर. ही जात केंब्रिजजवळच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाली आणि १९६६ मध्ये बाजारात आली. 'मॅरिस' हे तिथल्या रस्त्याचं नाव. बटाटा फार थंड जागी साठवला की त्यातल्या पिठाची साखर होते, आणि तळला की तो बाहेरून काळपटतो, आतून कच्चा राहतो. आपल्याकडे वडेवाले 'गोड बटाटा लागला' म्हणून कपाळाला हात लावतात तेच हे दुखणं. आचाऱ्यांनी प्रत्येक नव्या पोत्यातले दोन बटाटे कापून आधी तळून पाहिले. दुसऱ्या पोत्यातले चिप्स तांबूस आले. पोतं बाजूला गेलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

मी मालवणची. डोळे आणि कल्ले बघून मासा घेणाऱ्या घरात वाढलेली. इथे खोक्यातून गोठवलेले हॅडॉकचे तुकडे निघाले तेव्हा मी नाक मुरडलं. आचाऱ्यांनी ते पाहिलं. म्हणाले, हा मासा पकडल्यावर काही तासांत बोटीवरच सोलून गोठवला आहे. बंदरावर तीन दिवस बर्फात पडलेल्या 'ताज्या'पेक्षा ताजा. मला उत्तर सुचलं नाही.

पीठ म्हणजे मैदा, पाणी आणि थोडा सोडा. भज्याच्या पिठापेक्षा पातळ, आणि गार. आपण मासा रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकतो, मासा तेलाला भिडतो. इथे तसं होत नाही. पिठाचं कवच क्षणात घट्ट होतं आणि आतला मासा स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. म्हणून हळद-मिरची नसून चालतं. नुसता वाफवलेला मासा, बाहेर कुरकुरीत भजं. टाकण्याची पद्धत मी दहा-बारा वेळा पाहिली. शेपटाकडून धरायचा, पिठातून ओढायचा, भांड्याच्या काठाला एक बाजू निपटायची. मग पुढचं टोक चरबीत बुडवून दोन-तीनदा हलवायचं, कवच धरलं की तो आपोआप तरंगतो. आणि शेपूट आपल्यापासून लांब जाईल असं शेवटी सोडायचं. बोटं आणि उकळती चरबी यांत तेव्हा इंचभर अंतर असतं. त्यांच्या उजव्या मनगटावर जुन्या डागांची रांग आहे.

रेंजवर तापमानाचा काटा आहे. १८० च्या आसपास थरथरत असतो. आचारी त्याच्याकडे बघत नाहीत. "मग कळतं कसं?" मी विचारलं. त्यांनी नुसतं कानाला बोट लावलं. मी ऐकायचा प्रयत्न केला. चिप्स पडले की आधी पावसासारखा मोठा आवाज येतो. पाणी उडत जातं तसा तो बारीक होतो, मग तडतड, मग जवळजवळ काहीच नाही. त्या 'काहीच नाही'च्या किंचित आधी त्यांनी झारा घातला. मला एकदम आई आठवली. दिवाळीत चकलीची घाई केली की ती ओरडायची, "अगं, तेल शांत होऊ दे." हे मी त्यांना सांगितलं. त्यांना चकली म्हणजे काय ते समजावताना माझी फजिती झाली, पण वाक्य त्यांना पटलं. ते हे वडिलांकडून शिकले होते. वडिलांची रेंज कोळशावरची होती. तिच्यात गॅसच्या चकतीसारखं फिरवायला काही नसायचं, एक तर कोळसा घाला नाहीतर हवा कोंडा. आणि काटा तर नव्हताच. कोळशावरची तळणी आता बघायची असेल तर ईशान्य इंग्लंडमधल्या बीमिशच्या खुल्या संग्रहालयात जावं. तिथे २०११ पासून 'डेव्हीज' नावाचं असं दुकान चालवतात, चरबीतच तळतात.

साडेअकराला दार उघडलं. रांगेतला पहिला माणूस म्हणाला, "वन ऑफ ईच." म्हणजे एक मासा, एक चिप्स. मीही तेच घेतलं. वर मीठ आणि करड्या रंगाचं आंबट पाणी. ते पाणी व्हिनेगर नसतंच बऱ्याच ठिकाणी. ॲसिटिक ॲसिडचं रंगवलेलं पाणी असतं आणि कायद्याने त्याला व्हिनेगर म्हणता येत नाही. सोबत रात्रभर भिजवून शिजवलेले मऊ गिचका वाटाणे, ज्यांना फोडणी द्यायची इच्छा मी आवरली. पूर्वी हे सगळं वर्तमानपत्रात बांधून देत, १९८० च्या दशकात ते बंद झालं. मी भिंतीशी उभी राहून खाल्लं. कवच मोडलं की वाफ येते आणि हॅडॉकचे पांढरे पापुद्रे सुटे होतात. चिप्स बाहेरून कुरकुरीत नव्हते. व्हिनेगरने जरा नरमलेले, जाड, आत पिठूळ. तसेच हवेत. शेजारचा मुलगा लोणी लावलेल्या पावात चिप्स भरून खात होता. त्याला बटी म्हणतात. वडापावच्या या इंग्रज भावाला चटणी नाही, एवढंच दुःख.

दुपारी गर्दी ओसरल्यावर आचाऱ्यांनी चहा दिला आणि खोक्यावरचं लेबल माझ्याकडे वळवलं. पकडलं कुठे: बॅरेंट्स समुद्र. पुढची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

हल आणि ग्रिम्सबीचे ट्रॉलर एके काळी आइसलँडच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन मासा आणत. आइसलँडने आपली हद्द वाढवत नेली. १९५८ ते १९७६ च्या दरम्यान तीनदा दोन्ही देशांची जहाजं एकमेकांवर चालून गेली. त्या भांडणांना कॉड युद्धं म्हणतात. शेवटी २०० सागरी मैलांची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली आणि दूरच्या मासेमारीवर जगणारी ही दोन बंदरं बसली. मासा आता नॉर्वे, आइसलँड, रशियाकडून विकत येतो. युक्रेनचं युद्ध सुरू झालं तसं सूर्यफुलाचं तेल महागलं. ते न वापरणाऱ्या आचाऱ्यांनाही झळ लागली, कारण तेलवाले चरबीकडे वळले. जुलै २०२२ मध्ये रशियन पांढऱ्या माशावर ३५ टक्के जादा आयातकर बसला. त्यात गॅसचं बिल. या धंद्यात गॅस हा कच्चा मालच आहे, आणि चरबी वितळायला घाई चालत नाही हे सकाळी पाहिलंच होतं. मग मासाच कमी झाला. बॅरेंट्स समुद्रातल्या कॉडचा कोटा नॉर्वे आणि रशिया मिळून ठरवतात. २०२५ साठी तो ३ लाख ४० हजार टन ठरला, १९९१ नंतरचा तोवरचा सर्वांत कमी. कॉड महागला की लोक हॅडॉककडे वळतात, आणि हॅडॉकही चढतो.

वर २० टक्के कर. १९८४ पासून गरम खाणं बांधून नेलं तर कर लागतो. थंड सँडविच नेलं तर लागत नाही. काउंटरवरच्या काकू, म्हणजे आचाऱ्यांची बायको, कॅश रजिस्टरजवळून म्हणाल्या, "ज्यूंसारखा गार विकला असता तर वाचलो असतो." भिंतीवरची ती चौकट त्यांनी तरी वाचली होती.

आज त्यांचा मासा-चिप्स दहा पौंडांच्या वर गेला आहे. गिऱ्हाईक पाटीकडे बघून थांबतं. गंमत अशी, की या दुकानाची सगळी पुण्याई स्वस्ताईवर उभी आहे. शेजारच्या पिझ्झावाल्याने भाव वाढवला तर कुणी चकार शब्द काढत नाही. आचाऱ्यांनी पन्नास पेन्स वाढवले की म्हातारी माणसं दुखावतात, जणू घरातल्याच कुणीतरी पैसे मागितले. काही जण आता 'वन ऑफ ईच' दोघांत घेतात. ब्रिटनभरची संख्या ३५ हजारांवरून सुमारे १० हजारांवर आली आहे, आणि मला नाही वाटत ती तिथे थांबेल. संग्रहालयात एक दुकान जपता येतं. पोत्यातले दोन बटाटे आधी तळून बघणारा माणूस तिथे पगारावर मिळेल का, याची मला शंका आहे.

त्यांचा मुलगा मँचेस्टरला नोकरी करतो, नाताळात येतो तेव्हा काउंटरवर उभा राहतो. कान तयार झालेला नाही, असं आचारी म्हणाले; तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. दुकान अजून दोन वर्षं चालवायचा त्यांचा विचार आहे. काकू एकच म्हणतात.

यॉर्कशरला गेलात तर सीफूडच्या झगमगीत हॉटेलांत शिरू नका. कोपऱ्यावरचं, वाफेने काच धुरकटलेलं दुकान शोधा आणि उभ्याने खा. पैसे देताना 'स्क्रॅप्स' मागा. कढईत सुटलेल्या पिठाचे कुरकुरीत मणी असतात ते, आपल्या बुंदीसारखे. मागितल्याशिवाय देत नाहीत, आणि त्या दुकानात त्यांचे पैसे अजून लावत नाहीत.