ध्वनिमुद्रण प्रणालीतील कॉलबॅक : कालमर्यादा आणि थ्रेडची रचना

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा परिसर भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाजांच्या मौखिक परंपरेने समृद्ध आहे. होळीच्या वेळचे ढोलवादन व गीते यांच्या अभ्यासात ध्वनिमुद्रण हे मूलभूत साधन ठरते. संगणकावर मुद्रण करताना मध्येच 'टक्' असा आवाज येतो किंवा ठेका तुटतो. अशा वेळी दोष मायक्रोफोनला दिला जातो. परंतु त्याचे कारण प्रोग्रॅमच्या रचनेतही असू शकते. प्रस्तुत लेखात या कारणाचे विवेचन केले आहे.

कॉलबॅकचे स्वरूप :
ध्वनी संगणकात नमुन्यांच्या रूपाने साठवला जातो. सेकंदाला ४८,००० नमुने घेऊन ते २५६ च्या गटांनी हाताळल्यास प्रत्येक गटासाठी सुमारे ५.३ मिलिसेकंद मिळतात. गट तयार होताच ध्वनियंत्रणा प्रोग्रॅममधील ठरावीक फंक्शन स्वतःहून चालवते. त्यास कॉलबॅक म्हणतात. रॉस बेन्सिना व फिल बर्क यांनी २००१ मध्ये मांडलेल्या 'पोर्टऑडिओ'त ही पद्धत आढळते. कॉलबॅक सामान्यतः उच्च अग्रक्रमाच्या स्वतंत्र थ्रेडवर चालतो. येथे सरासरी वेळ नव्हे, तर जास्तीत जास्त लागणारा वेळ महत्त्वाचा असतो. हजार वेळा १ मिलिसेकंद आणि एकदाच २० मिलिसेकंद लागले, तरी त्या एका वेळी ध्वनीत खंड पडतो.

विलंबाची कारणे :
नवी मेमरी मागणे, फाईलमध्ये लिहिणे आणि लॉकसाठी थांबणे या तिन्ही क्रियांना किती वेळ लागेल याची हमी नसते. पडद्यावर आलेख काढणाऱ्या कमी अग्रक्रमाच्या थ्रेडकडे लॉक असेल, तर कॉलबॅकला थांबावे लागते. त्यातच मध्यम अग्रक्रमाचे काम आल्यास हा थ्रेड मागे पडतो व विलंब वाढतो. यास अग्रक्रमाचा विपर्यास म्हणता येईल. १९९७ मध्ये मंगळावरील 'पाथफाइंडर' यानाचा संगणक याच दोषामुळे वारंवार पुन्हा सुरू होत होता.

उपाययोजना :
कॉलबॅक व फाईल यांच्यामध्ये आधीच राखून ठेवलेला चक्राकार बफर ठेवावा. कॉलबॅकने त्यात केवळ नमुने टाकावेत. दुसऱ्या थ्रेडने ते काढून डिस्कवर लिहावेत. लिहिणारा एक व वाचणारा एक असल्यास दोन अणुवत् मोजक पुरेसे होतात, लॉक लागत नाही. दोन वाहिन्या व प्रत्येक नमुन्यास ४ बाइट धरल्यास १० सेकंदांसाठी ३८.४ लाख बाइट लागतात. मग डिस्क २ सेकंद अडली तरी नमुना गळत नाही. बफर भरलाच, तर कॉलबॅकने न थांबता गळालेल्या नमुन्यांची संख्या नोंदवावी. म्हणजे मुद्रण कोठे खंडित झाले हे अभ्यासकास कळते.

निष्कर्ष :
ऐकताना पडलेला खंड पुन्हा ऐकून भरून काढता येतो. मुद्रण करताना गळालेला ठेका मात्र कायमचा जातो. म्हणून क्षेत्रीय मुद्रणाचा प्रोग्रॅम तयार करताना वा विद्यार्थ्यांचा प्रकल्प तपासताना 'कॉलबॅक कोणासाठी थांबतो काय?' हा प्रश्न प्रथम विचारणे आवश्यक आहे.