टर्बोचा जीव तेलात

‘हजार-दोन हजार किलोमीटर जास्त झाले तर काय बिघडते?’ असे म्हणत इंजिन ऑइल बदलण्याचे काम पुढे ढकलले जाते. साध्या गाडीत हा आळस एक वेळ खपून जातो. जुन्या टर्बो गाडीत मात्र तो फार महागात पडतो.

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर टर्बोचा एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून ताकदही जास्त. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. भारतात १९९८ मध्ये आलेल्या टाटा सफारीतही टर्बो डिझेल इंजिनच होते.

हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याला तोलून धरतो तो तेलाचा पातळ थर, आणि हे तेल इंजिनाचेच असते! ते काजळीने दाट झाले किंवा फिल्टर तुंबला, की बेअरिंग झिजते. मग गाडी निळसर धूर सोडते, ऑइल कमी होऊ लागते आणि शेवटी नवा टर्बो बसवण्याची पाळी येते. त्या खर्चात ऑइल कितीतरी वेळा बदलून झाले असते.

ऑइल बदलताना गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन कोमट असावे, म्हणजे जुने तेल गाळासकट उतरते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चेंबरचा नट काढून तेल पूर्ण गळू द्यावे आणि नट लावताना वायसर नवा घालावा. फिल्टरही दर वेळी नवाच हवा. जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. नव्या रबराला थोडे तेल लावून फिल्टर हातानेच आवळावा.

ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घ्यावे. डिपस्टिकवरच्या वरच्या खुणेपलीकडे ते भरू नये. जादा तेलाला फेस येतो आणि टर्बोतून तेल नीट परतत नाही. डिझेल गाडीत नवे ऑइल लवकरच काळे दिसते, त्याने घाबरून जाऊ नये.

खरी काळजी यानंतरची. गाडी सुरू केल्यावर निदान मिनिटभर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये. नवे तेल टर्बोपर्यंत पोहोचायला तेवढा वेळ द्यायला हवा. तसेच, घाट चढून आल्यावर चहासाठी थांबताच चावी फिरवू नये. तापलेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे, मग बंद करावे.

उरलेले जुने तेल गटारात किंवा मातीत ओतू नये. तो घातक कचरा आहे. डब्यात भरून ते वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.