पोळी, दूध आणि बिस्किटे

"मूल जेवते ना नीट?" हा प्रश्न आपण बालरोगतज्ज्ञ दिवसातून कितीदा तरी विचारतो आणि वजन आलेखात बसते आहे असे दिसले की पुढच्या तक्रारीकडे वळतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीत मात्र एवढ्यावर थांबू नये, हे या लेखाचे प्रयोजन.

विषय नवा नाही. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ज्या अकरा मुलांच्या वर्णनातून ही अवस्था वैद्यकविश्वापुढे मांडली, त्यांपैकी सहा जणांना तान्हेपणापासूनच आहाराच्या गंभीर तक्रारी होत्या. २०१३ साली अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात या मुलांमध्ये खाण्याच्या समस्या इतरांच्या सुमारे पाचपट आढळल्या. कॅल्शियम व प्रथिनेही कमी पडत होती.

याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. पदार्थाचा स्पर्श, वास, रंग, दाताखाली येणारा आवाज या मुलांना आपल्याहून फार तीव्रतेने जाणवतो. वरण वाटीत चालते, भातावर घातले की ताटच दूर लोटले जाते. तुटलेले बिस्किट नको असते. बिस्किटाच्या पुड्याचे वेष्टन बदलले तरी नको असते.

काही वर्षांपूर्वी सात वर्षांचा एक स्वमग्न मुलगा माझ्याकडे आला. महिनाभर तो लंगडत होता, मग त्याने पाऊल टाकणेच सोडले. खुब्याची तपासणी झाली होती, रक्ताच्या कर्करोगाची शंकाही घेऊन झाली होती. वजन वयाला साजेसे. हिरड्या सुजलेल्या, बोट लावताच रक्त. आईला म्हटले, "ताई, काल सकाळपासून रात्रीपर्यंत तो काय काय जेवला, ते सांगा." पोळी, दूध, बिस्किटे. परवा? तेच. गेली तीन वर्षे तेच! गुडघ्याच्या क्ष-किरण चित्राने निदान पक्के केले : स्कर्व्ही. जुन्या दर्यावर्दींचा हा रोग पाठ्यपुस्तकातच राहिला असे आपण समजत होतो. उकळलेल्या दुधात 'क' जीवनसत्त्व जवळजवळ उरत नाही. पोळीत आणि बिस्किटात ते नसतेच. उष्मांक मात्र भरपूर, म्हणून वजन फसवते. ते जीवनसत्त्व सुरू केल्यावर आठवड्याच्या आत वेदना ओसरल्या आणि काही आठवड्यांत मुलगा चालू लागला.

स्कर्व्ही टोकाची, लोहाची कमतरता तर नित्याची. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाला इतर अन्नाची भूक राहत नाही आणि बद्धकोष्ठही होते. शौचाची तक्रार आधी सोडवली तर भूक पुष्कळदा आपोआप सुधारते.

घरातील वडीलधारी सांगतात, "दोन दिवस उपाशी ठेवा, मुकाट्याने खाईल." सामान्य मुलाला हे कदाचित लागू पडेल. हे मूल मात्र खरोखर उपाशी राहते. दुसरे टोक म्हणजे गहू आणि दूध वर्ज्य करण्याचा आहार. त्याने स्वमग्नतेची लक्षणे कमी होतात याला आजवर भक्कम पुरावा मिळालेला नाही. सीलिअॅक रोग असेल तर गोष्ट वेगळी. एरवी ज्या मुलाचे सारे अन्नच पोळी आणि दूध आहे, त्याच्याकडून तेच काढून घेण्यात कसला उपचार?

मग करावे काय? मुलाला जे चालते तेथूनच प्रारंभ करावा. इंदूरच्या घरात शेव खाणारे मूल सापडणे कठीण नाही. विकतच्या शेवेवरून घरच्या शेवेवर, तिथून पालक घातलेल्या शेवेवर आणि मग त्याच पिठाच्या कुरकुरीत धिरड्यावर यावे. तळल्यावर पालकातले 'क' जीवनसत्त्व टिकत नाही हे खरे. पण हिरवा रंग ताटात शिरला, हे काही थोडे नव्हे. पेरूची एक फोड ताटाशेजारी नुसती असू द्यावी, आग्रह न करता. दहा-पंधरा वेळा तशीच परत गेली तरी चालेल. तोवर जीवनसत्त्वे औषधातून द्यावीत, परंतु पोळीत लपवून नव्हे. चव बदललेली कळली तर मूल पोळीही सोडते, आणि मग हाती उरते बिस्किट.

समाजबांधवांना एक विनंती. गणेशोत्सवाच्या पंगतीला असे कुटुंब स्वतःचा डबा घेऊन आले, तर "आमच्याकडचे चालत नाही वाटते?" असे त्या आईला विचारू नये. वाढप्यांच्या वर्दळीपासून आणि ध्वनिक्षेपकापासून दूर, टोकाची दोन पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.